सत्तर वजा करून

दैवशालाबाईंनी सहा महिन्यांत चार किलो तीनशे ग्रॅम वजन कमी केलं आणि त्यापायी त्यांची नोकरी जायची वेळ आली. अशी तऱ्हा दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली असेल असं वाटत नाही.

सावरखेडीच्या अंगणवाडीत त्या बावीस वर्षं सेविका. दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं करायची, वाढलं की शाबास म्हणायचं, घटलं की त्याच्या आईच्या दारात जाऊन डोकेफोड करायची, हे त्यांचं काम. गावातली लेकरं ग्रॅमाग्रॅमानं वाढत होती, बाई मात्र न मागता वाढल्या. त्याचं कारण उघड होतं. लेकरांच्या ताटात उरलेली खिचडी त्यांना टाकवत नसे. बावीस वर्षं रोज दोन-चार घास, कुणाच्या नकळत, उभ्याउभ्या. हिशेब करायला बसलं असतं तर त्यात एखादी बैलगाडी भरली असती.

आता लेकरांत सतरंजीवर बसलं की उठताना तीन आधार लागत. आधी भिंत, मग कपाट, आणि शेवटी मदतनीस साळूबाई. अंबडच्या डॉक्टरनं गुडघ्यांचा फोटो उजेडात धरून सांगितलं, की गुडघे तसे बरे आहेत, त्यांच्यावरचं ओझं जास्त आहे. दहा किलो उतरवा, नाहीतर वर्षभरात खाली बसणं बंद होईल. अंगणवाडीच्या बाईचं खाली बसणं बंद झालं म्हणजे पुढं काय, हे बाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नोकरी हा एकच नगदी आधार होता. घरची मोसंबीची बाग होती, पण मोसंबी ज्या वर्षी लागते त्या वर्षी भाव नसतो आणि भाव असतो त्या वर्षी मोसंबी नसते.

वजन उतरवायचे उजळमाथ्याचे उपाय बाईंनी आधी करून पाहिले होते. सकाळी तीर्थपुरीच्या रस्त्यानं चालायला निघाल्या, तर पहिल्या अर्ध्या मैलात चार मोटारसायकली थांबल्या. बाई, पायी का निघाल्या, बसा, सोडतो. नको म्हणावं तर माणूस दुखावतो. चौथ्या गाडीवर त्या बसल्या, तीर्थपुरीला उतरल्या, आणि आलोच आहोत तर म्हणून भजी खाऊन रिक्षानं परत आल्या. तिसऱ्या दिवशी गावात बातमी, की बाई नवऱ्याशी भांडून पायी माहेरी निघाल्यात. नणंदेचा फोन आला. मग त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. पण आपल्याकडं जेवण सोडलं असं सांगायची सोय नाही. शेजारणीनं उपास समजून वाटीभर साबुदाण्याची खिचडी आणून दिली, वर तूप. एकदा हळदीकुंकवात भात नको म्हणाल्या तर चौघींनी मिळून तब्येतीची इतकी चौकशी केली, की शेवटी बरी आहे हे सिद्ध करायला भातच खावा लागला.

तेव्हा सातव्या का आठव्या खेपेला बाईंनी ठरवलं, की आता कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. उरलेली खिचडी साळूबाईच्या कोंबड्यांना द्यायची, चहातली साखर बंद, आणि चालणं अंगणवाडीच्या खोलीतच, दार लोटून, दोनशे फेऱ्या. दर शनिवारी लेकरं घरी गेली, साळूबाई मागं भांडी घासायला बसली, की गरोदर बायांसाठी ठेवलेल्या मोठ्या काट्यावर चढायचं.

पहिल्या शनिवारी काट्यानं शहाऐंशी किलो चारशे ग्रॅम दाखवले. बाईंनी तो आकडा पाहिला आणि लिहायला कागद शोधला. लिहून ठेवल्याशिवाय काम झालं असं त्यांना वाटत नसे. कपाटात लेकरांच्या वाढीची जुनी छापील कार्डं पडली होती. सगळं मोबाइलमध्ये भरायला लागल्यापासून त्यांना कुणी विचारत नव्हतं. गुलाबी कार्ड मुलींचं. त्यावर खाली वयाच्या महिन्यांच्या चौकटी, बाजूला किलो, आणि मध्ये हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे. बाईंनी एक कोरं कार्ड घेतलं. नावाच्या जागी लिहिलं, देवू. आई त्यांना त्या नावानं हाक मारायची, आणि आई गेल्यापासून ते नाव कुणी घेतलं नव्हतं.

वयाच्या चौकटी साठपर्यंतच होत्या. बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या, म्हणून त्यांनी अठ्ठेचाळिसाव्या चौकटीपासून सुरुवात केली. वजनाची अडचण जरा मोठी होती. कार्डावरचे किलो पंचविसाच्या वर जात नव्हते. त्यांनी थोडा विचार केला आणि सत्तर वजा करून टिंब दिलं. सोळा चारशे. टिंब नेमकं हिरव्या पट्ट्यात पडलं. आपण कुठंतरी हिरव्या पट्ट्यात आहोत हे पाहून बाईंना त्या दिवशी इतकं बरं वाटलं, की त्यांनी आणखी वीस फेऱ्या मारल्या.

मग दर शनिवारी काटा आणि महिन्याला एक टिंब. रेघ खाली उतरू लागली. बावीस वर्षांच्या सवयीनं उतरती रेघ पाहिली की आधी कुणाच्या आईच्या दारात जायचं हेच मनात यायचं, मग आठवायचं, की हे आपलं आहे, उतरलं म्हणजे चांगलं. लेकरांचं वजन वाढलं की त्या त्यांच्या हातावर पेनानं चांदणी काढत. स्वतःसाठी त्यांनी कार्डावरच काढायला सुरुवात केली, उतरलेल्या प्रत्येक टिंबाशेजारी एक लाल चांदणी. सहा महिन्यांत टिंब बारा शंभरावर आलं, पिवळ्या पट्ट्यात अगदी तळाशी. साळूबाईच्या कोंबड्या तोवर चांगल्या बाळसेदार झाल्या होत्या.

आणि मग तालुक्याला नव्या सुपरवायझर आल्या. सुरेखा मॅडम. कामाला कडक. त्यांनी फोनवरून हुकूम काढला, की प्रत्येक अंगणवाडीत असतील नसतील तेवढी जुनी कार्डं तपासणीसाठी जमा करा. त्या दिवशी दैवशालाबाई नेमक्या भाचीच्या साखरपुड्याला गेलेल्या. फोन साळूबाईनं घेतला. साळूबाईला वाचता येत नाही, पण सांगितलेलं काम अर्धवट ठेवणं तिच्या स्वभावात नाही. तिनं कपाट रिकामं केलं, कोरी कार्डं तेवढी परत ठेवली. कागदाखाली दडवलेलं गुलाबी कार्ड तिला सापडलं, ते तिनं पुसून सगळ्यांच्या वर ठेवलं आणि गठ्ठा तालुक्याला पाठवला.

चार दिवसांनी अंबडला बैठक होती. सतरंजीवर पस्तीस सेविका, समोर खुर्चीत सुरेखा मॅडम. जिना चढून आल्यामुळं त्यांना पहिली पाच मिनिटं बोलता येत नव्हतं, त्यांनी नुसतं पाणी पिऊन घेतलं. मग गठ्ठ्यातून एक गुलाबी कार्ड काढून सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. दैवशालाबाईंना ते ओळखायला एक क्षण लागला, आणि लगेच त्या समोरच्या बाईच्या पाठीआड सरकल्या.

मॅडमनी सांगितलं ते असं. चार वर्षांची मुलगी, नाव देवू, सहा महिन्यांत सव्वाचार किलो उतरलीय. हे नाव मोबाइलमध्ये नाही. म्हणजे अंगणवाडीचे आकडे चांगले दिसावेत म्हणून सेविकेनं कुपोषित लेकरू लपवलं.

"सावरखेडीच्या ताई कोण आहेत?"

दैवशालाबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"ताई, लेकरू वाळत चाललं आणि तुम्ही काय करत होता?"

"दर शनिवारी बघून राह्यले होते, मॅडम," बाई म्हणाल्या. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"आणि ह्या चांदण्या कशाच्या? वजन उतरलं की चांदणी?"

पस्तीस बाया माना वळवून पाहत होत्या. त्यात बाईंच्या माहेरच्या दोघी होत्या. मॅडम, ते लेकरू मीच, माझं वजन ब्याऐंशी किलो शंभर ग्रॅम, एवढं म्हटलं की सुटका होती. बाईंनी तोंडसुद्धा उघडलं. पण ते वाक्य पस्तीस जणींमधून पस्तीस गावांत जाईल, आणि मग सावरखेडीतली लहान पोरंसुद्धा काट्याकडं बघून हसतील, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसलं. तोंडातून दुसरंच बाहेर पडलं. मायबाप ऊसतोडीला गेलेत, पोरगी वस्तीवर आजीपाशी असते, आजी वल्ली आहे, नजर लागती म्हणून लेकराला कुणाला दाखवत न्हाई, नावबी लिहू देत न्हाई. बोलत गेल्या तशी आजी त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांसमोर उभी राहत गेली, काठीसकट.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग निर्णय दिला. या लेकरासाठी खास आहार मंजूर: रोज दोन शेंगदाण्याचे लाडू, दूध पावडर, अंडं, केळ आणि चमचाभर तूप. ताईंनी कार्ड परत न्यायचं, आहार स्वतः खाऊ घालायचा आणि दर शनिवारी वजन फोनवर कळवायचं. दोन महिन्यांत लेकरू हिरव्या पट्ट्यात आलं तर ठीक. नाही आलं तर मी स्वतः तुमचं नाव कामावरून कमी करायचा प्रस्ताव वर पाठवीन, असं त्या शांतपणे म्हणाल्या.

परतीच्या एसटीत बाई खिडकीला डोकं टेकवून बसल्या होत्या. वजन उतरवलं नाही तर गुडघे जाणार आणि गुडघ्यांबरोबर नोकरी. वाढवलं नाही तर नोकरी सरळच जाणार. असल्या पेचाला काय म्हणावं ते त्यांना सुचेना. झोपही येईना, नुसता थकवा होता.

सोमवारी खोकं आलं. लाडू होते, पावडर होती, तुपाची बरणी होती. आता हे खायचं कुणी? दुसऱ्या लेकराला द्यावं तर ती अफरातफर. फेकावं तर अन्नाचा अपमान. साळूबाईच्या कोंबड्यांना घालावं तर सरकारी लाडू खाणाऱ्या कोंबड्या दोन दिवसांत तालुक्याला माहीत झाल्या असत्या. ज्याच्या नावानं आलं त्यानंच खाणं, यात मात्र कसलाही गैरप्रकार नव्हता. बाईंनी वहीत 'देवूस दोन लाडू दिले' असं लिहिलं, खाली सही केली, आणि दाराआड उभ्या राहून दोन लाडू खाल्ले.

दुसरी एक वाट होती. काहीच न खाता वजन वाढतंय असं लिहीत जायचं. मोबाइलवर चार आकडे सांगायला काय जातं? पण इथं बाईंचा हात अडला. बावीस वर्षांत त्यांनी एकाही लेकराचं वजन खोटं लिहिलं नव्हतं. त्याच एका गोष्टीवर त्यांची मान ताठ होती. खोटं लेकरू सांगून झालं होतं, खोटी आजी सांगून झाली होती, पण खोटं वजन त्यांच्याच्यानं लिहवेना. माणसाचं इमान कुठं येऊन बसेल, काही सांगता येत नाही.

म्हणून त्यांनी खाल्लं. दूध पावडर कालवून प्यायल्या, अंडं सोललं, केळ सोललं, तूप चमच्यानं गिळलं. सहा महिने दुरूनच ज्यांच्याकडं पाहिलं होतं ते सगळे पदार्थ आता सरकारी आदेशानं पोटात जात होते आणि एकाचीही चव लागत नव्हती. पहिल्या पंधरा दिवसांत तेरा दोनशे. महिन्याला चौदा चारशे. शनिवारी फोन लावला की मॅडमचा आवाज दर वेळी थोडा मऊ होत जायचा. छान ताई, लेकरू धरतंय, असंच चालू ठेवा. फोन ठेवला की बाई कार्ड उघडून रेघ पाहत. चढती रेघ. बावीस वर्षं जिला पाहून हसू यायचं, तीच रेघ. त्यांनी एकदासुद्धा चांदणी काढली नाही.

घरी एका संध्याकाळी नवरा मच्छिंद्र बागेतून आला, चूळ भरली, आणि बाईंकडं जरा वेळ पाहत उभा राहिला.

"मधी लई सुकून गेल्ती तू," तो म्हणाला. "म्हणलं काही दुखणं तर न्हाई. इचारायचा धीर न्हाई झाला. आता जरा बरी दिसून राह्यली."

सहा महिने ज्याला कळू नये म्हणून दार लोटून फेऱ्या मारल्या, त्याला पहिल्यापासून दिसत होतं. आणि त्याला वाटलं दुखणं! त्यांनी त्याला चहा करून दिला, आणि आता काय फरक पडतो म्हणून स्वतःच्या कपातही साखर घातली.

दोन महिने पुरे झाले त्या शनिवारी काटा पहिल्या जागी आला. शहाऐंशी चारशे. सत्तर वजा करून सोळा चारशे. फोनवर मॅडम म्हणाल्या, की एवढी सुधारणा त्यांनी एकाही लेकरात पाहिली नाही, त्यांनी ते वरच्या साहेबांनाही कळवलंय, आणि सोमवारी त्या स्वतः येऊन मुलीचा फोटो काढणार आहेत. आजीला मीच समजावते, असंही म्हणाल्या. बाईंनी बरं मॅडम म्हटलं आणि फोन ठेवला. आणखी एक खोटं रचायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

सोमवारी नाल्याच्या पुलाचं काम चाललेलं असल्यामुळं जीप अलीकडंच थांबली आणि मॅडमना अर्धा मैल चालत यावं लागलं. दारात पोचल्या तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. खोलीत खुर्च्या होत्या त्या सगळ्या वीतभर उंचीच्या. मॅडमनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं, मग भिंतीला हात लावून, कपाटाला धरून आणि शेवटी साळूबाईचा खांदा पकडून सतरंजीवर बसल्या. तो क्रम दैवशालाबाईंना चांगला ठाऊक होता. लेकरं नुकतीच घरी गेली होती.

"बोलवा देवूला," मॅडम श्वास घेत म्हणाल्या. "लांब आहे का वस्ती?"

"न्हाई मॅडम. देवू हितंच हाय."

मॅडमनी इकडं तिकडं पाहिलं. दैवशालाबाईंनी चपला काढल्या, मोठा काटा मधोमध ओढला, पदर खोचला आणि वर चढून उभ्या राहिल्या. शहाऐंशी चारशे.

"सत्तर वजा करा," त्या म्हणाल्या.

मॅडमनी पेन काढलं आणि तळहातावर वजाबाकी केली. एकदा केली, मग पुन्हा केली. मग बाईंनी काट्यावरूनच पुढं केलेलं गुलाबी कार्ड अठ्ठेचाळिसाव्या चौकटीपासून नीट वाचलं. बाई काट्यावर उभ्या राहूनच सगळं सांगत होत्या. गुडघे, डॉक्टर, मोटारसायकली, कोंबड्या, लाडू. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाल्या, की मॅडम, आजी न्हाई, वस्ती न्हाई, पर एकबी वजन खोटं लिहिलं न्हाई, वाटल्यास आता नाव कमी करा, माझ्याच्यानं आता होत न्हाई.

बाहेर साळूबाई भांडी आपटत होती. नाव कमी करायचं तर कारण लिहावं लागणार, कारण लिहिलं की वरचे साहेब विचारणार, की तुम्ही दोन महिने फोनवर कुणाची वजनं घेत होता, आणि कुणाच्या सुधारणेचं कौतुक आम्हाला कळवलंत? हे दोघींच्याही लक्षात आलं. मॅडमनी रजिस्टर पुढं ओढलं आणि सावकाश एकेक शब्द उच्चारत लिहिलं: लाभार्थी समक्ष पाहिली. वजन करून घेतले. सहा महिन्यांपूर्वी होते तसे झाले. आता आहाराची गरज नाही.

"आठ महिन्यांपूर्वी," बाई म्हणाल्या.

मॅडमनी सहा खोडून आठ केलं.

"यात खोटं काय आहे, ताई?"

"बिलकुल काही न्हाई, मॅडम."

बाई काट्यावरून उतरल्या. नोकरी वाचली होती. गुडघे होते तिथंच होते, वजनही होतं तिथंच होतं, आठ महिने नुसते येऊन निघून गेले होते. त्यांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्या कार्ड कपाटात ठेवायला वळल्या.

"ताई," मागून मॅडम म्हणाल्या. आवाज बैठकीतला नव्हता. "त्या सहा महिन्यांत खरंच सव्वाचार किलो उतरलं होतं?"

"हो."

"मला तीन वर्षांत अर्धा किलो जमलं नाही. घरी सगळ्यांना सांगून बसते ना." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तसलं कोरं कार्ड आहे अजून?"

बाईंनी कपाटातून कार्ड काढलं. मॅडम साळूबाईला न बोलावता एकट्याच्या बळावर उठल्या, चपला काढल्या, काट्यावर चढल्या आणि डोळे गच्च मिटून घेतले. बावीस वर्षांत काट्यावर चढलेलं असं घाबरलेलं लेकरू बाईंनी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यांनी आकडा वाचला. मोठ्यानं म्हटला नाही. सत्तर वजा करून पाहिले, ऐंशी करून पाहिले, ते टिंब काही कार्डावर नीट बसेना. मग नव्वद केले.

"नाव काय लिहू, मॅडम?"

"सुरू," मॅडम डोळे मिटूनच म्हणाल्या. "आई म्हणायची. कुठं आहे मी?"

"हिरव्यात," दैवशालाबाईंनी सांगितलं आणि टिंब दिलं.

मॅडमनी डोळे उघडले. शनिवारचा फोन चालूच ठेवायचा असं ठरलं, फक्त आता दोन्ही बाजूंनी वजन सांगायचं आणि उतरलं तरच चांदणी काढायची. मग मॅडम पुलाकडं चालत निघाल्या. वाटेत एक मोटारसायकल थांबली, मॅडम, बसा, सोडतो, असं कुणीतरी म्हणालं, आणि दारातून पाहणाऱ्या दैवशालाबाईंना मॅडम मागं बसताना स्पष्ट दिसल्या. त्यांनी सुस्कारा सोडला, दार लोटलं आणि पहिली फेरी सुरू केली. लाडवाचं उरलेलं एक पाकीट साळूबाईनं केव्हाच कोंबड्यांसाठी नेलं होतं.